गंगाफळाला पहिली सुरी

शाळेची क्षेत्रभेट निघाली की माझं डोकं आदल्या दिवसापासून दुखायला लागतं. मुलांना मजा असते, मुख्याध्यापकांना फोटो मिळतात, आणि वर्गशिक्षिकेच्या वाट्याला येतात बसमधल्या उलट्या, हरवलेल्या चपला आणि वरून मागवलेला अहवाल. जळगावातल्या एका मराठी शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. पंचवीस वर्षं होत आली. चांगली शिकवते असं लोक म्हणतात. मीही बरेच दिवस तसंच समजत होते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपली आणि सहावीची क्षेत्रभेट ठरली. विषय होता वेलीवरच्या फळभाज्या. ठिकाण तापी ओलांडून चोपड्याच्या बाजूला, आमच्या संस्थेच्या कमिटीवर असलेल्या एका बागायतदारांचं शेत. त्यांना सगळे आबा म्हणतात. मुख्य पीक केळीचं, पण कडेला एकरभर गंगाफळ लावलेलं. पुस्तकात त्याला लाल भोपळा म्हणतात. आमच्या बाजारात कोणी लाल भोपळा मागितला की भाजीवाला समजतो, गिऱ्हाईक बाहेरगावचं आहे. बस आबांची, जेवण आबांचं, शेत आबांचं. आपलं काय, तर आभाराचं भाषण. निघताना मुख्याध्यापक सरांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, तुमचा स्वभाव मला माहीत आहे," म्हणाले. "आबा मोठे आहेत. ते जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. प्रयोगशाळेच्या खोलीचं काम त्यांच्याच हातात आहे."

माझा स्वभाव म्हणजे काय, तर मी तोंडाळ आहे. ग्रहणाच्या दिवशी मी वर्गाला मुद्दाम डबा खायला लावला होता. त्यावरून पालक भांडायला आले, त्यांना मी पुरून उरले. स्टाफरूमच्या दाराला कोणी लिंबू-मिरची बांधली, ती मी काढून वरणात पिळायला घरी नेली. तेव्हा सर बोलले ते काही उगीच नव्हतं. पण ज्या दिवशी हे तोंड खरोखर कामाला यायला हवं होतं, त्या दिवशी मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. तेच सांगायचं आहे.

वर्गात एक मुलगी होती. तिसऱ्या बाकावर बसायची, अंगानं किरकोळ, बोलायला कमी. तिचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. आदल्या वर्षी काविळीनं गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. आई आमच्याच भागात भाजीची गाडी लावते, वडील होते तेव्हाही लावायची. घरात आता आई आणि दोघी बहिणी. वडील गेले त्यानंतर ती मुलगी वर्गात हात वर करेनाशी झाली होती. मी खूप प्रयत्न केले, खोटं कशाला बोलू. पुढच्या बाकावर बसवलं, फळा पुसायला दिला, कविता म्हणायला लावली. काही उपयोग झाला नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, पण आपणहून कधी नाही.

आणि त्या शेतात तिला एकदम पालवी फुटली. अगंबाई, ही बोलते! बसमधून उतरल्या उतरल्या ती माझ्या पुढं चालायला लागली. "मॅडम, हे बघा, हे नर फूल, ह्याला नुसता दांडा असतो. आणि हे मादी, हिच्या खाली बारकं गंगाफळ असतं." मी वर्गात हेच तीनदा आकृती काढून शिकवलं होतं. चाळीस पोरांना तिथं वाकून बघताना ते पहिल्यांदा कळलं. हंगाम संपत आला होता, वेली पिवळ्या पडल्या होत्या, पण मधूनमधून उशिराची फुलं होती. मुलं "मॅडम, इथं! मॅडम, तिथं!" करत बोटं दाखवायला लागली.

"बोट नका दखाडा रे," आबा मागून ओरडले. "सडी जास ते."

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, ही आमच्याकडची जुनी समजूत. दाखवायचंच तर बोट दुमडून दाखवायचं. मुलांनी माझ्याकडं पाहिलं. आता विज्ञानाच्या बाई काय म्हणतात? बाई हसल्या. "बरं, बोटं दुमडा," म्हणाल्या. एवढ्यानं काय होतंय, म्हातारा माणूस आहे, त्याचं शेत आहे, असं मी मनाशी म्हटलं. चाळीस पोरं दुमडलेली बोटं पुढं करून शेतातून फिरली. सर फोटो काढत होते.

शेताच्या बांधाला, लिंबाखाली, उतरवलेल्या गंगाफळांचा ढीग होता. तिथंच बाजेवर आबांची थोरली बहीण बसली होती. त्यांना सगळे अक्का म्हणत. ऐंशीच्या पुढच्या असतील. सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराला दोन दाणे देत होत्या. चांगली बाई, प्रेमळ. हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की ती कोणी कैदाशीण होती.

ढिगासमोर मुलांना बसवलं आणि मी जाहीर केलं, "ह्यातलं पूर्ण पिकलेलं गंगाफळ जो ओळखेल, आणि कशावरून ओळखलं ते सांगेल, त्यानं ते सगळ्यांसमोर कापायचं." हा खेळ मीच काढला होता, रात्री वहीत लिहून आणला होता. आत बिया कशा असतात, गराचे धागे कसे असतात, ते दाखवायचं होतं. मुलांनी जे मोठं दिसलं त्याच्यावर झडप घातली. एकानं तर सगळ्यात हिरवंगार उचललं आणि छातीशी धरून बसला.

ती मुलगी शेवटी उठली. ढिगाभोवती एक चक्कर मारली. एक मध्यम आकाराचं निवडलं, त्याच्यावर टिचकी मारून कान लावला, सालीत नख रुतवून पाहिलं. "ह्याचा देठ वाळून लाकडासारखा झालाय," ती म्हणाली. "नख रुतत नाही. आणि ज्या अंगानं हे जमिनीला टेकलं होतं तो डाग बघा, कसा गर्द पिवळा आहे. कच्च्याचा डाग पांढरा असतो." आवाज स्पष्ट होता, मान वर होती. आबासुद्धा म्हणाले, "पक्की शे पोर! कुठली रे ही?" मी टाळ्या वाजवल्या. मनात म्हटलं, चला, बस, उलट्या, अहवाल, सगळं वसूल झालं.

मी सुरा तिच्या हातात दिला. तिनं तो लगेच नीट धरला, सवयीच्या हातानं. आणि आबांनी हात पुढं केला.

"नही बेटा, पोरीसनी नही. पहिले पोऱ्याना हात लागू दे. मंग बठ्ठं कापा."

आधी मुलाचा हात लागू दे, मग सगळं कापा, असं म्हणत होते. आबा चिडले नव्हते. चुलीत हात घालणाऱ्या नातीला थांबवावं तसे थांबवत होते. ती गोंधळली. "पण मॅडम म्हणाल्या, जो ओळखेल त्यानं," असं पुटपुटली. मग म्हणाली, "माझी आई तर रोज कापते. गाडीवर."

आता हे काय प्रकरण आहे ते सांगते. आमच्याकडं बाईनं आख्ख्या गंगाफळाला पहिली सुरी लावायची नाही. गंगाफळ घरातल्या थोरल्या मुलासारखं, बाईनं त्याच्यावर शस्त्र चालवलं तर घरातल्या पुरुषमाणसावर येतं, असं म्हणतात. पुरुषानं एक काप दिला की झालं, मग बाईनं त्याचे हवे तेवढे तुकडे करावेत. माझं माहेर धुळ्याकडचं. वडील शेतात असले की आई शेजारच्या नानांना हाक मारायची, "नाना, जरा सुरी लावून द्या." नाना यायचे, एक काप द्यायचे, चहा पिऊन जायचे. मी कॉलेजात असताना आईशी ह्यावरून कडाक्याचं भांडले होते. आई म्हणाली, "तू आपल्या घरी काप." आणि मी माझ्या घरी काय करते? बाजारातून फोड आणते. अर्धा किलो, पाव किलो. फोड आधीच कापलेली असते, तिला रीत लागत नाही. कधी कोणी आख्खं आणून दिलं तर नवरा कापतो. "साल टणक असते, तुझ्या हाताला लागेल," म्हणतो, आणि मी हो म्हणते. पंचवीस वर्षं मी "हो" म्हणतेय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी किती जणांना ऐकवली असेल, देव जाणे.

म्हणजे त्या लिंबाखाली मला सगळं माहीत होतं. बोलायचं काय, तेही तयार होतं. "आबा, मी कबूल केलंय, तीच कापेल." एवढं एक वाक्य. सरांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. मी त्या मुलीच्या हातातून सुरा घेतला आणि हिरवं गंगाफळ छातीशी धरून बसलेल्या त्या मुलाला बोलावलं. "तू ये रे. नुसता एक काप दे, मग ती कापेल." वर मला वाटत होतं की मी मधला मार्ग काढला.

पण अक्कांचे कान अजून शाबूत होते. त्यांनी त्या मुलीला जवळ बोलावलं, तिच्या ओंजळीत दाणे घातले आणि विचारलं, "तुना घरमा कोन कोन शे वं?"

"आई आणि आम्ही दोघी."

"बाप?"

"वारले."

"आनि माय आखं गंगाफळ फोडस? सोता?"

"हो. रोज एक तरी."

अक्कांनी जिभेनं च्च् केलं. कपाळाला हात लावला. "अरे माय माय," त्या म्हणाल्या, "मंग म्हनीसनच गया व्हई बिचारा."

म्हणूनच गेला असेल. हे त्या कळवळून म्हणाल्या. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. मी दोन पावलांवर उभी होते. सगळ्या वर्गानं ऐकलं. मुलं तिच्याकडं पाहत होती, ती माझ्याकडं पाहत होती. तिच्या डोळ्यांत रडू नव्हतं. ती उत्तराची वाट पाहत होती, वर्गात प्रश्न विचारल्यावर मुलं पाहतात तशी. आणि मी, ग्रहणात डबा खायला लावणारी, लिंबू-मिरचीची फोडणी करणारी मी, काय म्हणाले? "चला चला, रांग करा, सगळ्यांना दिसलं पाहिजे."

त्या मुलानं काप दिला. सरांनी फोटो काढला. नंतर मी सुरा तिच्यापुढं धरला, तर तिनं हात मागं घेतले. मग बाकीचं मीच कापलं. पहिला काप पडला होता ना आता, मला काय भीती! गराचे धागे दाखवले, बियांच्या रांगा दाखवल्या, मुलांनी बिया मोजल्या, कोणाच्या फोडीत जास्त यावरून भांडणं झाली. दुपारी वरण-बट्टी आणि त्याच गंगाफळाची भाजी होती. ती जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. मी तिला ओव्याची गोळी दिली. आभाराचं भाषण मी केलं, आणि चांगलं केलं. आबांनी "मॅडम फार समजदार" असं सरांना सांगितलं, ते सरांनी बसमध्ये मला दोनदा सांगितलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ते विसरलेही असते, माणूस विसरतं. पण दुसऱ्या दिवशी मुलांना 'मी काय शिकलो' असा कागद लिहायला दिला होता. चाळीस कागद. अहवालाला जोडायचे होते, शनिवार होता, भाचीचं लग्न होतं. मी ते कागद स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तपासले. तपासले कसले, लाल पेनानं खुणा करत गेले. अक्षर चांगलं दिसलं की 'छान!' लिहायचं. पंचवीस वर्षांची सवय. हात आपोआप चालतो. सोमवारी ते कागद घरी दाखवून परत आणायला मुलांकडं दिले.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत त्या मुलीची आई शाळेत आली. गाडी कोणाच्या तरी भरवशावर टाकून आली होती, पदराला मेथीची पानं चिकटलेली होती. ती भांडायला आली नव्हती, आली असती तर एक वेळ बरं झालं असतं. तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"मॅडम, मला वाचता येतं थोडं थोडं," म्हणाली. "हे तुम्ही शिकवलं का?"

मुलीचं अक्षर सुरेख आहे. तिनं लिहिलं होतं की नर फुलाला फळ येत नाही. पिकलेल्या गंगाफळाचा देठ वाळलेला असतो. आणि शेवटी: 'बाईने आख्खे गंगाफळ कापले तर घरातला माणूस मरतो. ही माहिती मला नवीन होती.' तिन्ही मुद्द्यांपुढं माझ्या हातची लाल खूण होती. खाली माझी सही. सहीच्या वर लिहिलेलं: छान!

मला काय वाटलं ते मी कसं सांगू? थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "अहो, मी न वाचताच..." आणि थांबले. न वाचता खूण केली हे जास्त वाईट की वाचून केली हे जास्त वाईट, ते मला ठरवता येईना.

आई उभ्या उभ्याच बोलत होती. बस म्हटलं तरी बसली नाही. "चार दिवस झाले, ती मला गंगाफळ कापू देत नाही. सुरा लपवून ठेवते. पहिल्यांदा मी रागावले, फटका पण दिला. तर परवा सकाळी गाडी लावताना मला विचारते, आई, बाबा आजारी पडले त्याच्या आधी तू किती कापली होती? आठव, म्हणते." तिचा आवाज तिथं फाटला. "मॅडम, मी बावीस वर्षं गाडी लावतेय. सासूनं पण कधी काही म्हटलं नाही. आम्हा गाडीवाल्यांना कुठली आलीय रीत, हाताला लागेल ते कापायचं आणि विकायचं. आता पोर माझ्याकडं असं बघते, जसं काही मीच..."

तिनं कागद माझ्याकडं सरकवला. घंटा झाली.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "तो कागद अहवालातून काढून टाका." झालं, त्यांच्यापुरतं ते प्रकरण संपलं. मी म्हणाले, "सर, मी तिच्याकडं जाणार आहे." ते म्हणाले, "जा की, पण आबांचं नाव मध्ये आणू नका."

त्याच संध्याकाळी मी गाडीवर गेले. गिऱ्हाइकांची वेळ होती. आई कोणाला तरी भेंडी तोलून देत होती. मुलगी मागं क्रेटवर बसून मटार सोलत होती. मला पाहून उठून उभी राहिली. गाडीच्या एका कोपऱ्यात चार आख्खी गंगाफळं रचलेली होती, कापलेलं एकही नव्हतं. आख्खं गंगाफळ कोण नेतो आजकाल? दोन माणसांची घरं सगळी. चार दिवसांत त्यातलं एकही खपलं नव्हतं.

मी तिला सगळं समजावलं. तिचे वडील काविळीनं गेले, कावीळ कशी होते, दूषित पाण्यातून कशी पसरते, लिव्हर म्हणजे काय. तिची मान खाली होती. गंगाफळ ही वनस्पती आहे, तिला कोण कापतंय ते कळत नाही. अक्का म्हाताऱ्या आहेत, त्यांना कोणी शिकवलं नाही. जे त्या बोलल्या ते साफ चूक आहे. मी ते ठासून सांगितलं. रस्त्यावरचे दोन जण थांबून ऐकायला लागले, एवढं छान सांगितलं.

तिनं मान वर केली. "मग तुम्ही तेव्हा त्यांना का नाही सांगितलं?"

"तेव्हा... ते मोठे होते, बाळा. आपण त्यांच्याकडं गेलो होतो."

"आणि कागदावर बरोबर का दिलं?"

"ती माझी चूक झाली."

ती खाली वाकली, गाडीखालच्या पोत्याच्या घडीतून सुरा काढला. म्हणजे लपवलेला तिथं होता. एक गंगाफळ उचलून तिनं माझ्यासमोर फळीवर ठेवलं. सुऱ्याची मूठ माझ्याकडं केली.

"मग तुम्ही कापा," म्हणाली.

आव्हान नव्हतं त्यात, चेष्टा तर नव्हतीच. तिला खरोखर हवं होतं की मी कापावं. मी कापलं असतं तर तिचं सगळं सुटलं असतं. मला ते कळलं होतं. आईनं भेंडी तोलता तोलता हात थांबवला होता. मी सुरा घेतला. सालीवर टेकवला.

माझा मुलगा पुण्याला असतो. एकुलता एक. वर्गातल्या पोरांनाही त्याच्या गोष्टी पाठ आहेत. रोज दुचाकीवरून कंपनीत जातो, हायवेनं. संध्याकाळी सातच्या सुमारास त्याची सुटायची वेळ. मी सुरा टेकवला आणि मला तो हायवे दिसला. ट्रक दिसले. मला माहीत आहे हो, गंगाफळाचा आणि हायवेचा काही संबंध नाही, मला कोणी शिकवायची गरज नाही, मी बी.एस्सी. आहे! पण हात खाली जाईना. मी मनात म्हणत होते, काप, मेले, काप, पोर बघतेय. आणि दुसरं मन म्हणत होतं, आज नको, तो घरी पोचल्यावर. कितीसा वेळ गेला असेल? दोन श्वास, तीन श्वास. मी हसायचा प्रयत्न केला. "साल टणक आहे गं," म्हणाले.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. लहान मुलांना कळतं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी सहन केला असता. पण तिला माझी दया आली. तिनं हळूच माझ्या हातातून सुरा काढून घेतला, मी तिच्या हातातून घेतला होता तसाच.

"राहू द्या मॅडम," म्हणाली. "तुम्हाला मुलगा आहे ना."

मग तिनं शेजारच्या केळीच्या गाडीवरच्या माणसाला हाक मारली, "काका, जरा सुरी लावून द्या ना." तो हात पुसत आला, उभ्या उभ्या एक घाव घातला, "घे, झालं," म्हणाला आणि परत आपल्या गाडीवर गेला. गंगाफळ उघडं पडलं होतं. मुलीनं सुरा आईपुढं धरला. आई माझ्याकडं बघत होती, हात पुढं करत नव्हती.

"घे की आई," मुलगी म्हणाली. "आता तू काप. आता काही होत नाही."